गुडघ्यामागची गाठ: पोटली मागे, दुखणं पुढे

मागच्या अंकात गुडघेदुखीबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीची निघाली, गुडघ्याच्या मागे लवणीत येणारी पाण्याची गाठ. कुणाला ती आरशात दिसली, कुणाला रिपोर्टमध्ये, कुणाला अचानक पोटरी सुजल्यावर कळली. म्हणून हा अंक तिलाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी कापलीत, त्याबद्दल राग नसावा.

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ५८. गेले काही महिने डाव्या गुडघ्याच्या मागे काहीतरी भरल्यासारखं वाटतं, पाय पूर्ण वाकवला की ताण बसतो आणि खूप वेळ उभं राहिलं की जास्तच. सोनोग्राफी केली तर "बेकर्स सिस्ट, ४ बाय २ सेंटिमीटर" असं लिहून आलंय. सिस्ट म्हटल्यावर घरचे सगळे घाबरलेत. कॅन्सरची तर नाही ना? ऑपरेशन करून काढून टाकावी लागेल का?

उत्तर: ताई, आधी घरच्यांना शांत करा. बेकर्स सिस्ट ही पाण्याने भरलेली पोटली आहे, कॅन्सर नाही आणि पुढे जाऊन तिचा कॅन्सर होतो असंही नाही. काढायची का, तर तुमच्या पत्रावरून तरी मला तसं वाटत नाही, पण का ते नीट समजून घ्या, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

गुडघ्याच्या सांध्यात सगळ्यांच्याच थोडं वंगण असतं, घट्टसर, पिवळसर पाणी, चमचाभर सुद्धा नसतं. आता गुडघ्याच्या मागे आतल्या बाजूला दोन स्नायूंचे दोर एकमेकांजवळून जातात, एक पोटरीच्या स्नायूचा आणि एक मांडीच्या मागच्या स्नायूचा. ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक लहानशी रिकामी पिशवी असते. बऱ्याच मोठ्या माणसांत ही पिशवी एका बारीक फटीने सांध्याला जोडलेली असते. गुडघा चांगला आहे तोवर त्या फटीचं कुणाला काही पडलेलं नसतं. पण सांध्याच्या आत काही बिघडलं, कूर्चा झिजली, दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटली, आतलं अस्तर सुजलं, की ते अस्तर जास्त पाणी सोडायला लागतं, मग गुडघा वाकवताना-सरळ करताना आतला दाब वाढतो आणि ते पाणी फटीतून मागच्या पिशवीत ढकललं जातं. जातं ते जातं, परत येत नाही, कारण फटीच्या तोंडाशी असलेला पडदा झडपेसारखा बंद होतो. पिशवी फुगते आणि ती फुगलेली पिशवी म्हणजे तुमची ४ बाय २.

लंडनचे सर्जन विल्यम मोरंट बेकर यांनी १८७७ मध्ये या गाठींबद्दल लिहिलं आणि नाव त्यांचं लागलं, तसं डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८४० मध्येच यावर लिहून ठेवलं होतं, पण नाव त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते असो. बेकर यांचा मुद्दा मात्र आजही तसाच उभा आहे: या गाठीचा संबंध गुडघ्याच्या सांध्याच्या आजाराशी असतो. दीडशे वर्षं होत आली तरी लोक (आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरसुद्धा) गाठीच्याच मागे लागतात आणि सांधा तसाच राहतो.

तुमच्या वयात सगळ्यात मोठा संशय कूर्चा झिजण्याचा, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिसचा. जिना उतरताना दुखतं का, सकाळी उठल्यावर थोडा वेळ गुडघा आखडलेला वाटतो का, वाटीच्या वरच्या बाजूला पुढे सूज दिसते का, हे बघा आणि उभं राहून काढलेला एक्स-रे करून घ्या. उभं राहूनच, झोपून नाही, कारण वजन पडल्यावरच दोन हाडांमधलं अंतर किती कमी झालंय ते कळतं. एक्स-रेत गाठ दिसणार नाही, ती पाण्याची आहे, पण गाठ का आली ते बहुतेक वेळा दिसतं. मग इलाज त्या गुडघ्याचा करायचा, स्नायूंचे व्यायाम, वजन जास्त असेल तर ते उतरवणं, दुखेल तेव्हा थोड्या दिवसांसाठी गोळी. आतली सूज बसली की पाणी कमी होतं आणि गाठ पण हळूहळू लहान होते. कधी पूर्ण जात नाही, पण त्रास देत नाही, आणि त्रास न देणारी गाठ राहिली तर राहू द्या.

प्रश्न: माझ्या वडिलांना (वय ६६) संधिवात आहे, र्‍हुमॅटॉइड. गुडघ्यामागे गाठ होती हे माहीत होतं. परवा खुर्चीतून उठताना त्यांना मागे काहीतरी फुटल्यासारखं झालं, गरम पाणी पायातून खाली ओघळल्यासारखं वाटलं म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत पोटरी टम्म सुजली. ओळखीचे एक जण म्हणाले गाठ फुटलीय, बर्फ लावा, दोन आठवड्यांत बरं होईल. दुसरे म्हणाले रक्ताची गुठळी असेल, लगेच जा. आम्ही बर्फ लावतोय. बरोबर करतोय ना?

उत्तर: नाही. हे वाचत असाल तेव्हा तुम्ही डॉक्टरकडे जाऊन आला असाल अशी आशा आहे (पत्राला उत्तर मी फोनवर दिलेलं आहेच), पण बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या विषयात जिवावर बेतू शकेल अशी जागा ही आहे.

तुमच्या ओळखीचे दोघेही बरोबर असू शकतात, तीच तर अडचण आहे. गाठ फुटते तेव्हा आतलं पाणी पोटरीच्या स्नायूंमध्ये पसरतं, तिथं ते चांगलंच टोचतं, त्यामुळे पोटरी सुजते, लाल होते, गरम लागते, दाबलं की दुखते. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली, ज्याला डीव्हीटी म्हणतात, तर नेमकं हेच सगळं होतं. वरून बघून, हात लावून, अनुभवी डॉक्टरलासुद्धा खात्रीने सांगता येत नाही. आणि दोन्ही एकदम असू शकतात, मोठी गाठ शिरेला दाबते, रक्त तुंबतं आणि गुठळी होते. म्हणजे "गाठ होतीच, फुटली असेल" असं म्हणून गुठळीचा विचार सोडून देता येत नाही.

फरक का महत्त्वाचा? गुठळीतला तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर माणूस जाऊ शकतो, त्यामुळे तिथं रक्त पातळ करणारं औषध ताबडतोब लागतं. आणि उलट, नुसती गाठ फुटलेली असताना तेच औषध गुठळी समजून दिलं तर पोटरीत रक्तस्राव होऊन दाब इतका वाढू शकतो की स्नायू आणि नसांचा रक्तपुरवठा अडतो. एकीकडे औषध न देणं धोक्याचं, दुसरीकडे देणं. म्हणून अंदाज नको, तपासणी हवी, आणि ती तपासणी सोपी आहे: पायाची डॉपलर सोनोग्राफी. एकाच बैठकीत शिरेतलं रक्त वाहतंय की नाही तेही दिसतं आणि गुडघ्यामागची पोटली फाटून पाणी खाली उतरलंय का तेही. सोबत डी-डायमर नावाची रक्ततपासणी कधी कधी करतात, ती नॉर्मल आली आणि एकंदर धोका कमी वाटत असेल तर गुठळी बहुतेक नाही असं धरता येतं, पण ती वाढलेली आली म्हणून गुठळी आहेच असं नाही, संधिवाताच्या पेशंटमध्ये ती तशीही वाढलेली सापडते.

गाठ फुटल्याची एक खूण सांगतो. दोन-चार दिवसांनी घोट्याच्या आतल्या हाडाखाली चंद्रकोरीच्या आकाराचा जांभळट डाग उतरतो, वरचं रक्तमिश्रित पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊन साठतं तो. दिसला तर गाठ फुटल्याचा अंदाज पक्का होतो, पण सगळ्यांना येत नाही आणि त्याची वाट बघत घरी बसायचं तर अजिबात नाही.

डॉपलरमध्ये गुठळी नाही असं ठरलं की मग तुमचे पहिले मित्र बरोबर. पाय उशीवर उंच ठेवायचा, बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज घट्ट न आवळता, डॉक्टरांनी दिलेली गोळी. पाणी शरीर स्वतःच शोषून घेतं, काही आठवड्यांत पोटरी पूर्ववत होते. मालिश मात्र करायची नाही. आणि वडिलांना दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, किंवा पोटरी दगडासारखी कडक होऊन पाऊल बधिर पडलं, तर रात्र असो की दिवस, सरळ इमर्जन्सीत.

एक राहिलंच, संधिवाताचं औषध ते नियमित घेतायत का? र्‍हुमॅटॉइडमध्ये गुडघ्याचं अस्तर सतत सुजलेलं राहतं, औषध मध्येच सुटलं की पाणी वाढतं आणि गाठही. संधिवाताच्या डॉक्टरांना ही घटना कळवा, डोस बदलायची वेळ आली असेल.

प्रश्न: वय ५१, मला डायबेटिस आहे. गाठीतलं पाणी आतापर्यंत तीनदा सुईने काढलं, दर वेळी भरून येतं. शेवटच्या वेळी स्टिरॉइड पण दिलं, त्यानंतर शुगर एकदम चढली. आता ऑपरेशन करूनच टाकू का, एकदाची कटकट जाईल?

उत्तर: वरची टाकी ओसंडतेय आणि आपण खालची बादली रिकामी करतोय, बादली भरणारच. तीनदा भरली यात सुई मारणाऱ्याची चूक नाही, सांध्यातून येणारं पाणी थांबलेलं नाही एवढंच.

पाणी काढणं वाईट नाही. गाठ खूप ताणलेली असेल, पाय वाकतच नसेल, तर काढल्यावर लगेच मोकळं वाटतं. सोनोग्राफीत बघत बघत सुई घालायची, कारण शेजारूनच पायाची मोठी धमनी आणि नस जाते. जे येतं ते पाण्यासारखं पातळ नसतं हो, जुन्या गाठीतलं तर इतकं दाट असतं की सिरिंजमध्ये खेचताना दट्ट्या हाताला जड लागतो आणि दोन बोटांत धरलं तर तार सुटते. म्हणून बारीक सुईने कधी कधी काहीच निघत नाही आणि पेशंटला वाटतं डॉक्टरला जमलं नाही.

स्टिरॉइडचं म्हणाल तर ते गुडघ्याच्या सांध्यात दिलं तरी मागची गाठ लहान होते, कारण दोन्ही जोडलेलेच आहेत. काहींना महिनोन्महिने आराम पडतो, काहींना थोडेच दिवस. डायबेटिसमध्ये मात्र इंजेक्शननंतर काही दिवस शुगर चढते, तुमची चढली त्यात नवल नाही. ते देण्याआधी सांगायला हवं होतं, ते राहिलेलं दिसतंय. पुढे कधी घ्यायची वेळ आली तर आधी शुगर आटोक्यात आणा, नंतरचा आठवडाभर घरी मोजत राहा, आणि वारंवार तर घेऊच नका.

आता ऑपरेशन. मागून मोठा छेद घेऊन गाठ काढून टाकायची पद्धत जुनी आहे, पण सांध्यातलं मूळ कारण तसंच ठेवून नुसती गाठ काढली तर ती परत येते, आणि तुम्हाला शुगर असल्याने जखम भरायला वेळ, इन्फेक्शनची भीती वेगळीच. तीन वेळा पाणी काढलं, पण गुडघ्याच्या आत काय आहे ते कुणी पाहिलंय का, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. एमआरआय झालाय? युरिक अ‍ॅसिड पाहिलंय? काढलेलं पाणी तपासायला पाठवलं होतं? गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड सांध्यात साठण्याचा आजार, असेल तर त्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसतात आणि मग इलाजच वेगळा. आधी हे करा, ऑपरेशनचं नंतर बोलू.

प्रश्न: माझ्या ६ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यामागे गाठ दिसते, उभा राहिला की जास्त. दुखत नाही, पळतो, खेळतो. मी रात्री झोपू शकत नाहीये.

उत्तर: ताई, झोपा. मुलांमधली गोष्ट मोठ्यांपेक्षा वेगळी असते. साधारण ४ ते ७ वर्षांच्या मुलांत अशी गाठ येते, तिचा सांध्याशी सहसा संबंध नसतो, गुडघा आतून अगदी धडधाकट असतो, ती पिशवी स्वतःच फुगते. बहुतेक मुलांत काही न करता वर्ष-दोन वर्षांत, कधी थोडा जास्त वेळ लागून, ती आपोआप जाते. सुई नको, ऑपरेशन तर नकोच, मुलांत काढलेली गाठ परत येते असा अनुभव आहे. एकदा सोनोग्राफी करून ती पाण्याचीच आहे याची खात्री करा, ती तपासणी दुखत नाही आणि किरणोत्सर्ग नसतो. खेळ बंद करू नका. फक्त गाठ कडक लागली, झपाट्याने वाढली, रात्री दुखून मूल उठायला लागलं, लंगडायला लागलं किंवा गाठ ठरलेल्या जागी, म्हणजे मागे आतल्या बाजूला नसून भलतीकडेच असेल, तर मुलांच्या हाडांच्या डॉक्टरना दाखवा.

प्रश्न: सोनोग्राफीत सिस्ट आली तरी डॉक्टर एमआरआय करा म्हणतात. नुसता खर्च वाढवायचा प्रकार वाटतो. हाताने तपासून कळत नाही का?

उत्तर: बऱ्याच वेळा कळतं. पेशंटला पालथं झोपवायचं, गुडघा सरळ असताना गाठीवर बोट ठेवायचं, ती ताठ आणि भरलेली लागते. मग पाय हळूहळू साधारण ४५ अंशापर्यंत वाकवायचा, तीच गाठ बोटाखाली मऊ पडते, कधी कधी गायबच होते. पाय सरळ असताना ते दोन स्नायूंचे दोर तिला आवळून धरतात, वाकवला की सोडतात. या खुणेला फूशेची खूण म्हणतात. पाय कसाही ठेवला तरी गाठ तेवढीच कडक राहिली तर मी बेकर्स सिस्ट म्हणायला कचरतो.

बोट ठेवल्यावर आणखी एक बघायचं असतं, गाठ धडधडते का. गुडघ्यामागची धमनी फुगली तर तिथंच गाठ लागते, जास्त करून वयस्क पुरुषांत, धूम्रपान करणाऱ्यांत, आणि पुष्कळदा दोन्ही पायांना. तिच्यात कुणी सुई घातली तर काय होईल याचा विचारही नको. म्हणून माझं तरी मत असं की सोनोग्राफी झाल्याशिवाय या जागेवर कुणालाही सुई लावू देऊ नये, कितीही घाईत असाल तरी.

एमआरआयचं सांगतो. गाठ आहे की नाही यासाठी तो लागत नाही, सोनोग्राफी पुरते. तो लागतो तेव्हा जेव्हा गुडघ्याच्या आत गादी फाटलीय की लिगामेंट गेलंय हे बघायचं असतं आणि त्यावरून पुढे काही करायची तयारी असते, किंवा सोनोग्राफीत गाठीच्या आत नुसतं पाणी नसून काहीतरी घट्ट, रक्तपुरवठा असलेलं दिसलं. त्या दुसऱ्या कारणासाठी सांगितला असेल तर टाळाटाळ नको, कारण क्वचित का होईना पण या जागी मांसल ट्यूमरही येतात आणि बाहेरून सिस्टसारखेच लागतात. तुमच्या डॉक्टरना सरळ विचारा, एमआरआयमुळे इलाजात काय बदल होणार? उत्तर मिळालं तर करा. मिळालं नाही तर दुसऱ्याचं मत घ्या.

प्रश्न: वय २९, फुटबॉल खेळतो. वर्षापूर्वी गुडघा मुरगळला होता, सूज आली, गेली, परत खेळायला लागलो. आता मागे गाठ आहे आणि मधूनमधून गुडघा अडकतो, झटका दिला की सुटतो. एमआरआयमध्ये आतल्या गादीचा मागचा भाग फाटलाय असं आहे. गाठीसाठी ऑपरेशन सांगितलंय.

उत्तर: गाठीसाठी नाही रे, गादीसाठी सांगितलं असणार, एकदा नीट विचारून घे. तुझा गुडघा अडकतो म्हणजे फाटलेला तुकडा दोन हाडांत येतोय, तुझ्या वयात हे ऑपरेशनचं योग्य कारण आहे. दुर्बिणीतून करतात, छोट्या छोट्या छिद्रांतून, गादी शिवण्यासारखी असेल तर शिवतात, नाहीतर फाटका भाग तेवढा काढतात. शिवता येत असेल तर शिवूनच घ्यायचा आग्रह धर, सावरायला वेळ जास्त लागतो, खेळ काही महिने बंद, पण गादी वाचली तर पुढे गुडघा लवकर झिजत नाही. आतलं कारण गेलं की गाठ बहुतेक वेळा बसते, काही सर्जन त्याच वेळी दुर्बिणीतून मागच्या फटीचं तोंड मोठं करतात म्हणजे पाणी अडकून राहत नाही. अडकताना झटके देऊन सोडवणं मात्र आजपासून बंद, प्रत्येक झटक्याला फाट वाढते. आणि पुढचं लिगामेंट शाबूत आहे ना, रिपोर्टमध्ये बघ.

हे वाचून पन्नाशी-साठीतल्यांनी लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन ठरवू नये. त्या वयात झिजलेल्या गुडघ्यात गादी फाटलेली दिसणं फारच कॉमन आहे, केस पांढरे व्हावेत तितकं, आणि तिथं दुर्बिणीने साफसफाई करून फार काही हाती लागत नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने झिजलेल्या गुडघ्यासाठी हे ऑपरेशन जवळपास कुणालाच करू नये असं स्पष्ट लिहिलं. तरीही होतातच.

प्रश्न: घरी काय करावं? शेकावं की बर्फ? नी-कॅप घालू का? कुणी म्हणतं चालणं बंद करा, कुणी म्हणतं जोरात मालिश करून गाठ जिरवा.

उत्तर: मालिश करून गाठ जिरत नाही, फुटते. वरचं फुटलेल्या गाठीचं उत्तर वाचा.

सूज असेल, गुडघा गरम लागत असेल तर बर्फ. नुसताच आखडला असेल तर कोमट शेक चालेल, मला त्यात वाद घालण्यासारखं काही वाटत नाही, ज्याने बरं वाटतं ते करा, कातडी भाजू देऊ नका. नी-कॅपने आधार वाटतो, पण ती मागे गाठीवर काचत असेल आणि पाऊल सुजत असेल तर काढून टाका, आणि घालून झोपू नका.

चालणं बंद करू नका. गुडघ्यात पाणी झालं की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो, काही आठवड्यांतच मांडी बारीक दिसायला लागते, मग गुडघ्यावर भार जास्त, मग आणखी सूज, मग आणखी पाणी. हे चक्र मोडायचं तर मांडी मजबूत करायला लागते. झोपून किंवा पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तो गुडघ्याने खाली दाबायचा, मांडी कडक झालेली हाताला लागली पाहिजे, मनात ५ आकडे मोजायचे आणि सोडायचं. असं १०-१५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. ते जमलं की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि सावकाश खाली आणायचा, धाडकन टाकायचा नाही. मांडीच्या मागच्या स्नायूला हलका ताण द्यायचा, २०-३० सेकंद, हिसके न देता. उकिडवं बसणं, गुडघ्यावर टेकणं, खोल बैठका हे गाठ ताणलेली आहे तोवर टाळा, कारण नेमकं त्याच स्थितीत सांध्यातला दाब वाढून पाणी मागे ढकललं जातं. सायकल, पोहणं चालेल.

वजनाबद्दल बोललं की लोकांना राग येतो, तरी बोलतो. शरीराचं वजन एक किलोने उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. कुठल्याच इंजेक्शनने इतकं होत नाही.

वेदनाशामक गोळ्या ज्यांना किडनीचा, अल्सरचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी मनाने घेऊ नयेत. बाकीच्यांनीही महिनोन्महिने नको, थोड्या दिवसांत आराम नाही पडला तर गोळी बदलण्यापेक्षा डॉक्टरना दाखवा. आणि गुडघा लालभडक, गरम आणि सोबत ताप, थंडी असेल तर गोळी घेऊन वाट बघू नका, सांध्यात पू झालेला असू शकतो, तिथं दिवस नाही, तास मोजतात.

प्रश्न: दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये गाठ सापडली. मला काहीच होत नाही. काय करू?

उत्तर: काही नाही.

प्रश्न: आईचं (वय ७०) गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. मागे मोठी गाठ आहे. त्याच ऑपरेशनमध्ये ती काढतील का, आणि नाही काढली तर नवीन सांध्याला काही होईल का? सध्या दुखतंय म्हणून इंजेक्शन घेऊ का विचारतेय.

उत्तर: सहसा काढत नाहीत आणि काढायची गरजही नसते. सांधा बदलतात तो पुढून, गाठ मागे, आणि मध्ये धमनी-नसा. पाणी ज्या झिजलेल्या सांध्यातून येत होतं तो सांधाच गेला की गाठ हळूहळू लहान होते. पण "हळूहळू" हा शब्द आईला आत्ताच सांगून ठेवा, काहींना ऑपरेशननंतर वर्षभरही गाठ हाताला लागते आणि मग ऑपरेशन फसलं की काय असं वाटायला लागतं. दुखणं आणि ताण कमी होतोय ना ते बघा, गाठ मोजत बसू नका.

इंजेक्शन आत्ता नको. ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत सांध्यात स्टिरॉइड दिलं तर नवीन सांध्यात इन्फेक्शन होण्याचा धोका वाढतो, मागच्या काळात कुठं घेतलं असेल तर तेही सर्जनना तारखेसकट सांगा. तोवर बर्फ, काठी आणि वर लिहिलेला टॉवेलचा व्यायाम, तो ऑपरेशनच्या आधी जितका होईल तितकं नंतर उभं राहणं सोपं जातं. ऑपरेशननंतर पोटरी नव्याने सुजली तर जुनी गाठ असेल म्हणून सोडू नका, त्या काळात गुठळीचा धोका जास्त असतो, त्याच दिवशी सर्जनना फोन करा आणि डॉपलर मागून घ्या.